दोर नेमका कधी ढिला करायचा?

जत्रेत घोड्याचा सौदा रेवाल चाल बघून ठरतो. दारातून बाहेर काढताना तो अंगावर येतो का, चंदीची पाटी दिसली की माणसाला ढकलतो का, हे कुणी विचारत नाही. माणसं जायबंदी होतात ती मात्र बऱ्याचदा खोगिरावर बसण्याआधीच.

आमची काठेवाडी घोडी सारंगखेड्याच्या बाजारातली. स्वारीला गोड, पण हातात धरून नेताना खांद्याने रेटायची. एका सकाळी मोतद्दाराने सवयीने दोराचा वेढा पंजाला घेतला होता. शेजारच्या शेतात ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून बार निघाला, घोडी उसळली आणि आवळलेल्या वेढ्यात त्याच्या अंगठ्याचं हाड मोडलं. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगतो: दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घड्या घालून मुठीत धरा, म्हणजे हिसका बसला तर सुटेल. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराशी ताकदीने कुणी जिंकत नाही.

गावातून सल्ले आले. पिछाडी आवळून बांधा, काटेरी लगाम घाला. काटेरी लगामाला प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. शिवाय तोंड सोललेला घोडा माणूस जवळ आला की डोकं वर फेकायला शिकतो, दुसरं काही शिकत नाही. आम्ही टॉम डोरन्स आणि रे हंट या अमेरिकी अश्वशिक्षकांची रीत धरली. घोडा कळपात राहणारा, शिकाऱ्याला भिणारा प्राणी. कळपातला वरचढ घोडा कान पाडून, अंग वळवून दुसऱ्याला पाऊलभर सरकवतो. माणसानेही आपली जागा तशाच खुणांनी राखायची.

मागे सरकवण्याचंच बघा. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून तोंडासमोरून जरा बाजूला उभे राहा. दोर हलकेच हलवा. घोडी ढिम्म राहिली तर थोडा जोर वाढवा. तिने वजन मागच्या पायांवर घेतलं, नुसता एक खूर उचलला, की त्याच क्षणी हात थांबला पाहिजे. घोडा शिकतो तो दाब सुटताना. तुम्हाला दोन सेकंद उशीर झाला, तोवर तिने डोकं झटकलं, तर बक्षीस त्या झटक्याला मिळतं. आमच्या घोडीचं रेटणं असंच मुरलं होतं. ती रेटायची, माणूस मागे व्हायचा आणि तिचं काम व्हायचं. मोतद्दार, घरातली मुलं, पाहुणे, सगळ्यांनी हाताच्या अंतराचा एकच नियम पाळला तेव्हा फरक दिसू लागला. हातावर गूळ देणंही बंद केलं; खाऊ पाटीतच.

ही रीत हळुवार आहे म्हणून ती चुकीच्या हातात निरुपद्रवी राहते असं समजू नका. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने व्हिडिओ बघून शिंगराला भर दुपारी गोल कुंपणात पळवलं. ते घामाने निथळत त्याच्याजवळ येऊन उभं राहिलं, तेव्हा शिंगराचा आपल्यावर विश्वास बसला असं त्याने मानलं. मला त्यात दमलेलं, पळायला वाट नसलेलं पोर दिसलं. कुंपणात चालवायचंच तर गार वेळी, थोडा वेळ चालवा आणि त्याने कान व डोळा तुमच्याकडे वळवताच त्याला उसंत द्या. दोन पायांवर उभा राहणारा किंवा दुगाण्या झाडणारा घोडा मात्र जाणत्या माणसाशिवाय हाताळू नका.

आणि शिस्तीचे धडे सुरू करण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. दात, पाठ, खूर, नाल, सगळं तपासून घ्या. म्होरकी चढवताना आमची घोडी मान हिसकायची, तो आम्हाला हट्टच वाटायचा. तिच्या दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून जखमा झाल्या होत्या. कडा घासून घेतल्या, जखमा भरल्या आणि हिसकणं थांबलं. त्यासाठी दोर एकदाही हलवावा लागला नाही.