कोपर खाली ठेवा

केस कापणाऱ्याचा हात दुखायचाच, असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. कोल्हापुरात सलूनला लागल्यापासून मीही हेच ऐकत आलो. लग्नसराईत उजवा खांदा भरून यायचा आणि सोमवारी दुकान बंद असलं की उतरायचा. पुढे तो सोमवारीही उतरेना. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, कार्पल टनेल. मनगटातल्या अरुंद वाटेनं जाणारी नस दबते. करंगळीला ती नस जात नाही, म्हणून करंगळी शाबूत राहते. लवकर गेलो, म्हणून रात्री मनगट सरळ धरणारा पट्टा आणि कामाच्या पद्धतीतले बदल यांवर भागलं. अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजेपर्यंत थांबणाऱ्यांना ऑपरेशन टळत नाही, आणि गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही.

खांद्याच्या दुखण्याचं मूळ होतं खुर्चीत. आमची जुनी खुर्ची वरखाली होत नसे. उंच गिऱ्हाईक बसलं की माझं कोपर खांद्याइतकं वर, त्यात हातात ड्रायर. ड्रायर जेमतेम अर्ध्या किलोचा, पण हात उचलून धरला की खांद्यातले स्नायू हाडाखाली घासत राहतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकागणिक खुर्चीचा पंप मारा. टाळूचे केस कापताना खुर्ची खाली, मानेवरचे कापताना वर, नाहीतर चाकाच्या स्टुलावर बसा. गिऱ्हाइकाला मान वळवायला सांगायला लाजू नका, त्याऐवजी आपली कंबर वाकवायची नाही. केस धुताना बेसिनच्या मागे उभं राहा. बाजूनं वाकलं की कंबर पिळवटते.

कात्रीला वेळच्या वेळी धार लावून घ्या. बोथट कात्री अंगठ्याकडून जास्त जोर मागते. अंगठ्याकडचा दांडा आखूड असलेली कात्री हाताला फार सोपी जाते, महाग असली तरी घ्यावी. पायांत सपाट, मऊ चप्पल हवी.

सलूनमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या पोराला दुकानातली मोडकी खुर्ची आणि टाकाऊ कात्री देऊ नका. बोटं बधिर होतात असं तो म्हणाला, तर त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा.