कर्करोगाची गोळी : नियम, दक्षता आणि दुष्परिणाम

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यामुळे पेनिसिलिनचे नाव आपल्या परिसरात घरोघरी पोहोचले. बरे वाटू लागले तरी प्रतिजैविकाचा क्रम पूर्ण करावयाचा, ही डॉक्टरांची शिकवण सर्वांच्या परिचयाची आहे. कर्करोगावरील गोळ्यांच्या बाबतीत ती अधिकच कसोटीची ठरते. येथे क्रम काही दिवसांचा नसून पुष्कळदा वर्षानुवर्षांचा असतो. शिरेतून द्यावयाचे औषध रुग्णालयात परिचारिकेच्या देखरेखीखाली दिले जाते. गोळी मात्र रुग्ण घरी किंवा कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वतःच घेतो. परिचारिकेचे काम अशा वेळी रुग्णाकडे व त्याच्या कुटुंबाकडे येते. या वर्षीच्या अहवालात इमॅटिनिब या गोळीच्या आधारे त्याविषयी काही आवश्यक माहिती आम्ही देत आहोत.

गोळीचे कार्य

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून एक सदोष प्रथिन तयार होते व ते पांढऱ्या पेशींना अखंड वाढीचा आदेश देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या कार्यस्थानी जाऊन बसते आणि आदेश थांबविते. अमेरिकेत या औषधास मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. भारतात त्याच्या पेटंटचा वाद दीर्घकाळ चालला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था रुग्णांच्या बाजूने त्यात उभी राहिली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. मूळ कंपनीच्या औषधाचा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा ८ ते १० हजार रुपये. गोळी सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली ती अशी. आता प्रश्न उरतो तो ती नियमाने घेण्याचा.

नियमितपणाचे महत्त्व

शरीरातील इमॅटिनिबचे प्रमाण सुमारे १८ तासांत निम्मे होते. गोळ्या चुकत गेल्या की सदोष प्रथिन पुन्हा मोकळे होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ८७ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत अपेक्षित खोल प्रतिसाद मिळण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होती. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती अवघी २८ टक्के होती. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणे, एवढेच. यात फसगत अशी की, गोळी चुकल्यावर त्या दिवशी रुग्णाला काहीच जाणवत नाही.

पाळीचे काम आणि गोळीची वेळ

इमॅटिनिब दिवसातून एकदा, भरपेट जेवणासोबत व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाचे असते. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ वाढते. भोसरी, चिंचवड व चाकण येथील पाळीच्या कामगारांची अडचण येथेच सुरू होते, कारण दर आठवड्याला जेवणाच्या वेळा बदलतात. आमचा सल्ला असा की, तिन्ही पाळ्यांत साधारण एकाच सुमारास येणारे जेवण निवडावे. बहुतेकांच्या बाबतीत ते दुपारचे असते : पहिल्या पाळीला कँटीनमध्ये, दुसरीला कामावर निघण्यापूर्वी घरी, तर रात्रपाळीनंतर झोपून उठल्यावर. पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्या दिवसाची गोळी डब्यासोबत न्यावी. गोळी घेतल्यावर घरातील दिनदर्शिकेवर खूण करावी.

एखादी गोळी राहून गेल्यास त्याच दिवशी आठवताच काही खाऊन घ्यावी. पुढील गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यावी. एकदम दोन कधीही घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा गोळी न घेता डॉक्टरांना कळवावे. गोळी गिळता येत नसल्यास ती पाण्यात विरघळवून लगेच पिण्याची रीत रुग्णालयातून समजावून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी गोळीची पूड किंवा द्रावण हाताळू नये. गोळ्या मूळ वेष्टनात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोरड्या जागी ठेवाव्यात.

दुष्परिणाम ओळखावे कसे?

डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणे, मळमळ, पातळ शौच आणि अंगावर पुरळ हे परिणाम पुष्कळांना होतात. त्यांवर उपाय आहेत. गरजेनुसार मात्राही बदलता येते. काहींची त्वचा उजळू लागते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कार्यावरही हे औषध परिणाम करते, त्यामुळे असे घडते. घरच्यांना कोडाची शंका येते व गोळी बंद केली जाते. हे कोड नव्हे; डॉक्टरांना दाखवावे आणि गोळी चालू ठेवावी.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नये, त्वरित रुग्णालय गाठावे : १०० अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, रक्तस्राव किंवा काळे शौच, धाप लागणे, थोड्या दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन, पिवळे डोळे, अंगभर पसरणारे पुरळ. वजन नियमाने नोंदविल्यास अंगात साचणारे पाणी लवकर ध्यानात येते. चक्कर किंवा अंधुक दिसणे असल्यास प्रेस, क्रेन वा फोर्कलिफ्ट चालवू नये व वरिष्ठांना सांगावे.

क्षयावरील रिफाम्पिसिन व फिटांवरील काही औषधांमुळे इमॅटिनिबचा प्रभाव घटतो. बुरशीवरील काही औषधांमुळे तो वाढतो. म्हणून कंपनीच्या दवाखान्यातही आपण ही गोळी घेतो हे सांगावे. वेदनाशामके, काढे व चूर्णे विचारल्यावाचून घेऊ नयेत. उपचारकाळात गर्भधारणा टाळावी व स्तनपान करू नये.

येथे आणखी एक इशारा देणे आवश्यक वाटते. कर्करोगाच्या सर्व गोळ्यांचा नियम एक नसतो. कॅपेसिटाबिन बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबवितात. मुखाच्या कर्करोगात काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच दिले जाते. ते चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आपला क्रम ठरवू नये.

गोळी बंद करण्याचा निर्णय

दीर्घकाळ उत्तम प्रतिसाद टिकलेल्या काही निवडक रुग्णांमध्ये औषध थांबविता येते, हे आता सिद्ध झाले आहे. परंतु ते वारंवार रक्ततपासणी करून, डॉक्टरांच्या निर्णयानेच. पैसे संपले, गोळ्या संपल्या किंवा त्रास असह्य झाला, तर गोळी सोडण्याआधी आमच्या समाजसेवा विभागाकडे यावे, ही कळकळीची विनंती.

या अहवालाचे वाचक असलेल्या उद्योजकांनाही आमचे सांगणे आहे. तपासणीच्या दिवशी कंत्राटी कामगाराची रोजी बुडते, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. आजाराची वाच्यता न करता त्याला तेवढी सवलत मिळाली, तर हा रोग असूनही तो अनेक वर्षे आपल्या यंत्रावर उभा राहू शकतो. ही गोळी तेवढे बळ देते. तिला खंड पडू न देणे हे रुग्ण, कुटुंब, कारखाना आणि रुग्णालय या सर्वांचे काम आहे.