साडेबारा हजार किलोमीटर

मुलगी न्यू जर्सीला राहायला गेल्यापासून आम्हा दोघांचं मुंबई-न्यूयॉर्क जाणं-येणं सुरू आहे. ओळखीतलं कुणी पहिल्यांदा निघालं, की "किती तास लागतात हो?" म्हणून फोन येतो. साठी ओलांडलेली मंडळी असली की मी जरा सविस्तर सांगते.

१. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो वायव्येला चढत रशिया, फिनलंड, नॉर्वे ओलांडतो आणि आइसलँडवरून खाली उतरतो. हे सगळ्यांत जवळचं अंतर, सुमारे १२,५०० किलोमीटर.

२. विमान त्याच वाटेने जाईल असं मात्र धरू नका. आकाशातून जायलाही खालच्या देशाची परवानगी लागते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियाने अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. म्हणून शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेले तास विसरा. आपल्या तिकिटावरची वेळ निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा आणि न्यायला येणाऱ्या मुलांनाही कळवा. पलीकडे वाट पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, ते मी पाहिलंय.

३. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा-पंधरा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं, असं नातवंडांनी विचारलं तर सांगा, की हवा आणि विमान दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात.

४. न्यूयॉर्क आपल्या मागे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. डिसेंबरात रात्री एकला निघालात तर सोळा तास उडूनही तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसहा. येताना रविवारी दुपारी बसलेला माणूस सोमवारी दुपारी उतरतो.

५. रात्री एकच्या विमानाची तारीख नीट वाचा. पंधरा तारखेचं विमान असेल तर घर चौदालाच सोडायचं. पुण्याहून निघणाऱ्यांनी घाटातली गर्दी आणि विमानतळावरचे तीन तासही धरावेत. आम्ही संध्याकाळचा चहा घेतला की निघतो.

६. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या भारताच्या घड्याळाने घ्यायच्या की तिकडच्या, हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. आणि अधूनमधून उठून चाला. शेजारच्याला उठवायचा संकोच करू नका.