मागच्या सीटचा माईक : टूरिंग बाइकवर इंटरकॉम

आपल्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या शनिवार-रविवारी घाटाच्या दिशेने पळतात. मागे बसणाऱ्याचं काम काय, तर रस्ता सांगणं, मागची ट्रक बघणं आणि अधूनमधून ‘हळू’ म्हणणं. पण हे ‘हळू’ पुढे पोचतच नाही. मग पाठीवर थाप, खांद्यावर दाब, आणि शेवटी पुढचा मान वळवून विचारतो, ‘काय?’ ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद मान वळली तर तेहतीस मीटर रस्ता कोणीच बघितलेला नसतो. इंटरकॉम म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एवढाच गुणाकार करून बघावा.

लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांवर ही सोय कंपनीच करून देते. होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली, आज ती सहा सिलिंडरची १८३३ सीसीची गाडी आहे. ती किंवा हार्लेची इलेक्ट्रा ग्लाइड अल्ट्रा क्लासिक घ्या. दोन्ही हेल्मेटमधले हेडसेट गोल डिन कनेक्टरने गाडीला जोडता येतात. अल्ट्रा क्लासिकमध्ये मागच्या स्पीकरच्या खोक्यावर पिलियनसाठी वेगळी बटणंही होती. आपल्याला या गाड्या परवडणार नाहीत, पण त्यांचं लॉजिक उचलायला पैसे पडत नाहीत. हल्ली हेल्मेटला चिकटवायचे ब्लूटूथ संच मिळतात आणि ते चांगलेही असतात. मात्र त्यांची बॅटरी रोज चार्ज करावी लागते, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. वायरचा इंटरकॉम मात्र लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या पार्ट्समधून बनतो आणि मिनी प्रोजेक्ट म्हणूनही शोभतो.

सगळे जण सुरुवात अॅम्प्लिफायरपासून करतात. माझ्या मते ती चुकीची बाजू आहे. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा गोंगाट ९० डेसिबलच्या वर जातो. हा आवाज सायलेन्सरचा नसतो. हेल्मेटभोवती, विशेषतः हनुवटीखाली, हवा घुसळते त्याचा असतो. त्याच्यावर बोलणं ऐकू यायचं तर स्पीकर त्याहून मोठा वाजवावा लागणार. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसातून ८ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत आपण हा कोटा कितीदा संपवू, हिशोब करा. तेव्हा आवाज वाढवायचा नाही, गोंगाट माईकमध्ये शिरूच द्यायचा नाही.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे माईक. साध्या इलेक्ट्रेट कॅप्सूलऐवजी दोन्ही बाजूंनी उघडी असलेली नॉइज-कॅन्सलिंग कॅप्सूल घ्या. लांबून येणारा गोंगाट पडद्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखाच दाबतो आणि स्वतःला खोडतो. तुमचं तोंड एका बाजूला अगदी जवळ असल्यामुळे आवाज फक्त त्या बाजूने जोरात येतो. अट एकच, माईक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. वर स्पंजची टोपी घाला, ती विसरलात तर बाकी सर्किट फुकट.

दुसरी गोष्ट फिल्टर. वाऱ्याची ताकद मुख्यतः खालच्या फ्रीक्वेन्सीत असते. आपल्या जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे आणि तरी आईचा आवाज लगेच ओळखू यायचा. माईकनंतर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० किलोओहम ठेवा. पहिल्या वर्षातलं एक भागिले दोन पाय आरसी घालून बघा, कटऑफ ३३९ हर्ट्झ येतो. पाच रुपयांच्या आतलं हे काम मोठ्या अॅम्प्लिफायरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

अॅम्प्लिफायर म्हणून एलएम ३८६ पुरेसा आहे. बाहेर काही न लावता त्याचा गेन २०, आणि १ व ८ नंबरच्या पिनमध्ये १० मायक्रोफॅरड लावला की २००. पण त्याला थेट बॅटरीवर लावू नका. चालू गाडीत १२ व्होल्टची बॅटरी १४ च्या वर जाते, हॉर्न-इंडिकेटरचे झटके वेगळेच. या आयसीच्या साध्या प्रकाराची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे. मध्ये ७८०९ रेग्युलेटर टाका, आधी उलट जोडणीसाठी एक डायोड, आणि बॅटरीजवळच १ अँपियरचा फ्यूज. सप्लाय किल्लीच्या स्विचनंतरच घ्या, नाहीतर सोमवारी सकाळी किक मारत बसाल.

सर्किट टेबलावर छान चालतं. गाडीवर बसवलं की ‘कुईंऽऽ’ सुरू होतं आणि अॅक्सिलरेटरबरोबर चढतं. इथे बरेच प्रोजेक्ट कपाटात जातात. हा आवाज मॅग्नेटोचा असतो. समजा चुंबकाला ८ ध्रुव आहेत. एका फेरीत चार सायकल, फुल-वेव्ह रेक्टिफाय केल्यावर आठ लाटा. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणून ४०० हर्ट्झ. आपला फिल्टर ३३९ च्या खालचं अडवतो, म्हणजे ही शिट्टी नेमकी दारातून आत येते. फिल्टर बदलून उपयोग नाही, बोलणंच कापलं जाईल.

ती येते कुठून हे शोधायची साधी पद्धत आहे. माईकची वायर काढून अॅम्प्लिफायरचा इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. तरी शिट्टी चालू असेल तर दोष सप्लायमध्ये आहे. मोठा कपॅसिटर, म्हणजे १००० मायक्रोफॅरड वगैरे, आणि ७८०९ ची जोडणी तपासा. शिट्टी थांबली आणि मोबाइल गाडीवर चार्जिंगला लावून गाण्यासाठी जोडल्यावरच परत आली, तर ग्राउंड लूप. मोबाइलचं ग्राउंड चार्जरमधूनही येतंय आणि ऑडिओ वायरमधूनही. हेडलाइटचा करंट चासीतून परत जाताना काही मिलिव्होल्टचा फरक पाडतो, आणि माईकचा सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच! उपाय तीन: सगळी ग्राउंड वायर एकाच ठिकाणी, बॅटरीच्या निगेटिव्हला, शिल्डेड वायरची जाळी एकाच टोकाला जोडायची, आणि मोबाइलच्या लाइनमध्ये ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. शिट्टीऐवजी ‘टक टक’ येत असेल तर ती स्पार्कची, रेझिस्टर असलेला प्लग किंवा कॅप बघा.

आता बटणं. आपोआप आवाज ओळखून चालू होणारा माईक, म्हणजे व्हॉक्स, ऐकायला भारी वाटतो, पण वेग वाढला की वाराच त्याला उघडतो. शिवाय पहिला शब्द खातो. ‘डावीकडे वळ’ मधलं ‘डावी’ जातं आणि पुढच्याला ‘कडे वळ’ ऐकू येतं. दाबून बोलायचं बटणच बरं.

आवाज कमी-जास्त करायला एकाच वायरवर रेझिस्टरची शिडी वापरतात. ५ व्होल्टला १ किलोओहम वर, आणि बटणामागे ४७० ओहम (कमी) किंवा १.५ किलोओहम (जास्त). मायक्रोकंट्रोलरला अनुक्रमे १.६ आणि ३ व्होल्ट दिसतात, काहीच दाबलं नसेल तर ५. छान. पण मागची बटणं याच वायरला पॅरलल जोडली आणि पुढच्याने ‘जास्त’, मागच्याने ‘कमी’ एकदम दाबलं तर? दोन्ही मिळून ३५८ ओहम, म्हणजे १.३ व्होल्ट. प्रोग्राम त्याला ‘कमी’ समजतो. मागच्याचा विजय, तोही अपघाताने!

म्हणून पुढची आणि मागची शिडी वेगळ्या पिनवर घ्या आणि कोणाचा अधिकार कुठे ते आधी ठरवा. मी असं सुचवेन: मागच्याच्या बटणाने फक्त मागच्या कानाचा आवाज बदलावा, पुढच्याचा नाही. चालवणाऱ्याला अचानक मोठा आवाज बसणं धोक्याचं आहे. गाणं बंद करायचा अधिकार मात्र दोघांनाही. बोलायचं बटण शिडीवर नकोच, त्याला स्वतंत्र वायर हवी. ते दाबलं की ट्रान्झिस्टरने गाणं तुटावं आणि माईक उघडावा, मध्ये प्रोग्राम नको. प्रोग्राम हँग होऊ शकतो, ‘समोर बैल!’ थांबू शकत नाही. बोलणाऱ्याचा थोडा आवाज त्याच्याच कानात परत सोडा, टेलिफोनमध्ये सोडतात तसा, म्हणजे तो ओरडत नाही.

बसवताना हेल्मेटचं थर्मोकोल कोरू नका, भोकंही पाडू नका. आयएस ४१५१ ची कसोटी त्या थर्मोकोलसकट लागते. स्पीकर कानाच्या तयार खोबणीत, अस्तराखाली, कानाच्या भोकासमोर बसवा. वायरसाठी जुन्या लँडलाइनच्या हँडसेटची गुंडाळी वायर उत्तम, पण तिचा जॅक ओढला की सरळ निघाला पाहिजे, स्क्रूचा नको. पिलियन चहाला उतरताना हेडसेट काढायला हमखास विसरतो, आणि गाडी पडली तर वायरने मान धरून ठेवायला नको. जोडणी सीटच्या बाजूला, ओढ खालच्या दिशेला येईल अशी ठेवा.

चाचणी आधी गाडी स्टँडवर, मग ४० ला, मग ६० ला, रिकाम्या रस्त्यावर. मागच्याने पाठ केलेली वाक्यं म्हणू नयेत, कारण ती न ऐकताही कळतात. त्याने कागदावर लिहून आणलेले आकडे वाचावेत, पुढच्याने ते मोठ्याने परत म्हणावेत आणि दहापैकी किती बरोबर आले ते मांडावं. ६० ला नऊच्या खाली आले तर आधी माईकचा स्पंज बघा, व्हॉल्यूम नंतर.