यादी आणि तिचा ताळा

महिन्याच्या आरंभीं वाण्याची यादी, लग्नापूर्वीं आमंत्रणांची यादी, सहलीच्या आदल्या दिवशीं सामानाची यादी आणि परीक्षा जवळ आली म्हणजे राहिलेल्या धड्यांची यादी, अशा नाना प्रकारच्या याद्या आपण वर्षभर करीत असतों. त्यांपैकीं कांहीं हरवतात, कांहीं अर्ध्यावर राहतात, आणि कांहीं पुऱ्या न झाल्यामुळें मनास टोंचत राहतात. कागदावर एकाखालीं एक नांवें मांडणें सोपें आहे. परंतु उपयोगी पडेल अशी यादी करणें ही शिकण्याची विद्या आहे. तिचा थोडा विचार विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं आमच्याबरोबर करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'याद' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ स्मरण असा आहे. मराठी दरबारच्या जुन्या मोडी कागदांत 'याद' ह्या मथळ्याखालीं सामानाची, माणसांची व कामांची टिपणें आढळतात. त्याच कागदांत 'तपशील', 'बेरीज' आणि 'बाकी' हे शब्दहि वारंवार भेटतात. हे चार शब्द एकत्र नांदतात, यांत मोठें मर्म आहे. नुसतें स्मरण पुरेसें नसतें. स्मरणाला तपशील हवा, तपशिलाची बेरीज हवी, आणि बेरजेनंतर बाकी काय उरते हेंहि कळावयास हवें. गणितांत उत्तर काढल्यावर आपण ताळा पाहतों. तसाच ताळा यादीचाहि पाहावा, हेंच आम्हांस येथें मुख्यतः सांगावयाचें आहे.

ह्याचें एक उत्तम उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावें लागत नाहीं. इंदिरानगराहून मुंबई-आग्रा महामार्गानें मुंबईच्या दिशेस थोडें गेलें म्हणजे डाव्या हातास पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचे लेख कोरलेले आहेत. त्यांस सुमारें १९०० वर्षें झालीं. त्यांपैकीं एका लेखांत त्यानें भिक्षूंसाठीं केलेल्या दानाची नोंद आहे. त्यानें ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळचीं नाणीं, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेविलीं. गोवर्धन हें गांव आजहि नाशिकच्या पश्चिमेस आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा १ ह्या व्याजानें, आणि दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण ह्या व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें, असेंहि त्यानें स्पष्ट लिहविलें. २००० च्या व्याजांतून, ह्या लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावे, अशी योजना आहे.

आतां पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करूं. २००० वर दरमहा शेंकडा १ म्हणजे महिन्यास २०. बारा महिन्यांचे २४०. तिकडे २० भिक्षूंस १२ प्रमाणें किती? २४०. ताळा बरोबर जुळला. देणाऱ्यानें 'भिक्षूंस वस्त्रें द्यावीत' एवढेंच लिहून हात झाडले नाहींत. किती भिक्षु, प्रत्येकीं किती, पैसा कोठून येणार, तो कोणाच्या हातीं राहणार, हें सर्व त्यानें ठरविलें, आणि जमेइतकाच खर्च नेमला. शिवाय हा सर्व मजकूर निगमसभेंत ऐकविण्यांत आला व फलकावर नोंदविण्यांत आला, असेंहि तो लेख सांगतो. म्हणजे चार लोकांसमक्ष वाचली जाईल, कोणीहि बेरीज करून पाहील, तरी जिला बाध येणार नाहीं, अशी ती यादी होती. आपल्या याद्या दगडावर कोरण्याची गरज नाहीं. परंतु त्यांचा ताळा मात्र जुळावा.

आतां बाजाराच्या यादीकडे वळूं. ही यादी बाहेरच्या खोलींत बसून आठवून लिहूं नये. स्वयंपाकघरांत जाऊन डबे उघडून ती करावी. आईनें सांगावें आणि मुलानें लिहावें, ही रीत आम्हांस फार आवडते. कारण तींत शुद्धलेखन, वजन-मापें आणि घरच्या स्थितीची ओळख ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं होतात. 'डाळ' असें मोघम न लिहितां 'तूरडाळ, २ किलो' असें लिहावें. शेजारीं घरांत शिल्लक किती तें मांडावें, आणि त्यापुढें अदमासें किंमत लिहून शेवटीं बेरीज करावी. ह्या बेरजेंत यादीचा प्राण आहे. समजा, किराण्यासाठीं ३,००० रुपये बाजूस काढले आहेत आणि बेरीज ३,६०० झाली. मग ६०० रुपयांच्या कोणत्या वस्तु ह्या महिन्यास थांबूं शकतील, हें घरींच चौघांनीं बसून ठरवितां येतें. एरवीं तोच निर्णय दुकानांत, मागें माणसें उभीं असतां, घाईघाईनें घ्यावा लागतो. किंवा तो घेतलाच जात नाहीं आणि उरलेली रक्कम वाण्याच्या उधारीच्या वहींत जाऊन बसते. ती वही हीदेखील एक यादीच आहे, पण ती दुसऱ्यानें केलेली. जो आपली यादी आपण करीत नाहीं, त्यास पुढें दुसऱ्याच्या यादीप्रमाणें चालावें लागतें. घरांतील ओढाताण मुलांपासून लपविण्याचा प्रयत्न पुष्कळ पालक प्रेमानें करितात. परंतु बेरीज स्वतः करणाऱ्या मुलास 'हें नको' असें निराळें सांगावें लागत नाहीं. तें मूल आपणच एखादी रेघ मारतें.

यादींतील क्रमहि विचारानें लावावा. गोदाकांठच्या बुधवारच्या बाजारांत जावयाचें असेल, तर कांदे-बटाटे आधीं आणि टोमॅटो, कोथिंबीर शेवटीं लिहावी, म्हणजे पिशवींत जड वस्तु तळाशीं राहतील. एका दुकानाच्या वस्तु एका ठिकाणीं लिहिल्या म्हणजे पाय वांचतात. यादी कागदावर असो अथवा भ्रमणध्वनीवर असो, घेतलेल्या वस्तूवर तेथल्या तेथें खूण करावी.

दुसरी यादी कामांची. तिच्यांत एक दोष सर्वत्र आढळतो. आपण 'बँक', 'वीज', 'माळा' असे सुटे शब्द लिहितों. हीं नांवें झालीं, कामें नव्हेत. 'पासबुकाची नोंद करून आणणें', 'विजेचें बिल सोमवारपर्यंत भरणें', 'माळ्यावरचे डबे उतरविणें' असें लिहिलें म्हणजे हात कोठें घालावा तें कळतें. दिवाळीपूर्वीं 'घराची साफसफाई' अशी एक ओळ लिहिली, तर ती पाहूनच अंगांत आळस शिरतो. तिचे आठ तुकडे केले, तर त्यांतील एक तुकडा शाळेंतून आल्यावरहि होतो.

कामाच्या ओळीपुढें करणाऱ्याचें नांव हवें. १७८३ सालीं पुण्यांत सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें. त्या समारंभासाठीं नाना फडणीसांनीं केलेली तपशीलवार याद इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. तींत कामांची वांटणी व समारंभाच्या व्यवस्थेविषयीं बारीक सूचना आहेत. एवढा मोठा प्रसंग 'सर्वांनीं मिळून पाहावें' अशा शब्दांवर सोडतां येत नाहीं, हें नाना जाणून होते; कारण जें काम सर्वांचें असतें तें कोणाचेंच होत नाहीं.

आपल्या घरीं हा प्रयोग एक आठवडा करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. घरांतील सर्व कामें, अगदीं पाणी भरून ठेवण्यापासून दूध तापविण्यापर्यंत, एका कागदावर लिहावीं आणि प्रत्येकापुढें तें काम खरोखर कोण करितें त्याचें नांव मांडावें. बहुतेक घरांत एकच नांव ओळीमागून ओळ येत राहील, आणि तें बहुधा आईचें असेल. तीं कामें रोज डोळ्यांसमोर होत असतात म्हणूनच दिसत नाहींत. कागदावर आलीं म्हणजे दिसतात. चौघांच्या घरांत एकीच्या नांवावर वीस कामें आणि इतरांच्या नांवावर दोन-दोन, हा ताळा जुळलेला नाहीं. तो जुळविण्यासाठीं उपदेशाची गरज नाहीं. पेन्सिलीनें कांहीं नांवें बदलावीं आणि त्याप्रमाणें वागावें, एवढें पुरे.

तिसरी यादी अभ्यासाची. आणि आमच्या मतें हिच्याच बाबतींत सर्वांत अधिक हानि होते. परीक्षा महिन्यावर आली म्हणजे विद्यार्थी मोठ्या उत्साहानें रंगीत पेन्सिलींनीं वेळापत्रक आंखतो. एका दिवसाच्या रकान्यांत गणिताचीं वीस उदाहरणें, विज्ञानाचे दोन धडे, इतिहासाचीं प्रश्नोत्तरें, इंग्रजी निबंध, कवितेचें पाठांतर आणि चित्रकलेचें राहिलेलें चित्र हीं सर्व लिहितो. ह्यांस अनुक्रमें दीड, दोन, एक, एक, अर्धा आणि एक तास धरला, तर बेरीज सात तास होते. आतां दिवसाची जमा पाहूं. एकंदर तास २४. झोंप ८, शाळा आणि जाणें-येणें ७, स्नान-भोजनादि ३, खेळ व घरचीं कामें २. एकूण २० झाले. बाकी ४ उरली. त्यांतून शिकवणीचा वर्ग दीड तासाचा असेल, तर हातांत अडीच तास राहतात. अडीच तासांत सात तासांचें काम कोणत्याहि विद्वानास होणार नाहीं.

परंतु मुलगा हा हिशेब करीत नाहीं. रात्रीं दहा वाजतां यादींतील दोन ओळींवर खूण झालेली असते आणि चार तशाच राहिलेल्या असतात. तो समजतो, 'आपण आळशी आहों.' दुसऱ्या दिवशीं राहिलेल्या चार ओळी नव्या सहांत मिळतात. तिसऱ्या दिवशीं तो वेळापत्रकाकडे पाहणेंच सोडतो. दोष यादीच्या बेरजेंत होता. शिक्षा मुलाच्या आत्मविश्वासास झाली. म्हणून पालकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, मुलाच्या दिवसांत आणखी एक वर्ग, आणखी एक वहीभर प्रश्न घालण्यापूर्वीं २४ मधून वजाबाकी करून पाहावी. नवी गोष्ट घालावयाची असेल, तर कोणती जुनी काढावयाची तें त्याच वेळीं सांगावें. झोंप आणि खेळ ह्या रकान्यांतून मात्र उसनें घेऊं नये.

विद्यार्थ्यांनीं असें करावें. रोजच्या यादींत तीनच ओळी लिहाव्या. धड्याचें नुसतें नांव न लिहितां 'तिसऱ्या धड्याच्या पहिल्या पांच प्रश्नांचीं उत्तरें पुस्तक मिटून लिहिणें' असें लिहावें. म्हणजे काम संपलें कीं नाहीं ह्याविषयीं शंका उरत नाहीं. सर्वांत अवघड ओळ पहिली घ्यावी. अदमास आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ दोन्ही शेजारीं शेजारीं मांडावे. पंधरा दिवसांत स्वतःचा वेग कळूं लागतो, आणि तें ज्ञान परीक्षेच्या दालनांत फार कामास येतें.

निजण्यापूर्वीं उद्यांची यादी लिहिणें हितकर असतें, असें आमच्या घरांतील वडील माणसें सांगत आलीं आहेत. अमेरिकेंतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत ५७ तरुणांपैकीं कांहींना निजण्यापूर्वीं पांच मिनिटें पुढचीं कामें लिहावयास सांगितलें, आणि इतरांना पुऱ्या झालेल्या कामांची नोंद करावयास सांगितलें. पुढचीं कामें लिहिणाऱ्यांस लवकर झोंप लागली. प्रयोग लहान आहे. तरी करून पाहण्यास एक कागद व पांच मिनिटें यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

ह्या तीन प्रकारांखेरीज आणखी एक प्रकार आहे, तो तपासणीच्या यादीचा. काम येत नाहीं म्हणून ती करावयाची नसते. काम उत्तम येतें, आणि म्हणूनच एखादी साधी गोष्ट नजरेंतून सुटते, यासाठीं ती करावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ मुद्द्यांची अशी यादी तयार केली. भूल देण्यापूर्वीं, चिरा देण्यापूर्वीं आणि रोग्यास दालनाबाहेर नेण्यापूर्वीं ती मोठ्यानें वाचून पडताळावयाची. जगांतील आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, ज्यांत आपली दिल्लीहि होती, ती वापरून पाहिली. तेव्हां शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. रोगी तोच ना, हाच अवयव ना, असे साधे प्रश्न त्या यादींत आहेत. निष्णात शस्त्रवैद्यांस ते विचारण्यांत कमीपणा वाटत नाहीं, तर आपणांस तरी कां वाटावा? उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं बैठक क्रमांक, प्रश्नांचे क्रमांक, जोडलेल्या पुरवण्या आणि सुटलेला एखादा उपप्रश्न, हे चार मुद्दे प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करून ठेवावे व शेवटचीं पांच मिनिटें त्यांस द्यावीं.

एक इशारा देणेंहि आमचें कर्तव्य आहे. यादी सुंदर अक्षरांत लिहिली म्हणजे काम झालें, असा भास होतो. काम टाळण्यासाठीं नवी यादी करणारे पुष्कळ असतात. यादीस पांच मिनिटें द्यावीं आणि उरलेला वेळ कामास द्यावा. त्याचप्रमाणें आजाऱ्याची शुश्रूषा, मित्राच्या अडचणीस धांवून जाणें, आजीजवळ घटकाभर बसणें, ह्या गोष्टी यादींत नसल्या तरी त्या आल्या म्हणजे यादी बाजूस ठेवावी. ज्या दिवसाच्या यादींत थोडीशी जागा मोकळी असते, त्यासच ती बाजूस ठेवणें परवडतें. बाकी शून्य ठेवूं नये, असें आम्ही म्हणतों तें ह्याचसाठीं.

येत्या सुटींत पालकांनीं मुलांस घेऊन पांडवलेण्यांचा डोंगर चढावा, आणि उषवदाताच्या त्या दोनशें चाळीस कार्षापणांचा हिशेब लेखाशेजारीं उभें राहून मुलांकडून तोंडीं करवून घ्यावा. घरीं आल्यावर दुसऱ्या दिवसाची यादी लिहावी, तिची बेरीज करावी, आणि ताळा जुळेपर्यंत ओळी खोडाव्या.