मामासारखा, पण कोणत्या मामासारखा?

प्रश्न : एका निवृत्त ब्रिटिश न्यायाधीशांवरच्या इंग्रजी लेखात त्यांचं वागणं ‘अव्हंक्युलर’ होतं असं म्हटलं होतं. कोशात ‘काका-मामांसारखा’ एवढाच अर्थ मिळाला. ही स्तुती समजायची की टोमणा? आमचे विभागप्रमुख लवकरच निवृत्त होत आहेत. त्यांच्या इंग्रजी मानपत्रात हा शब्द घालावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मानपत्रात घालू नका. शब्द वाईट नाही, पण तो ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या तोंडावर सहसा वापरला जात नाही. ‘तुम्ही अव्हंक्युलर आहात’ याचा अर्धा अर्थ ‘तुमचं आता वय झालं’ असा होतो, आणि निवृत्तीच्या दिवशी ते कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

कोशाने दिलेला अर्थ चूक नाही, नुसता कोरडा आहे. वयाने मोठा, प्रसन्न, थोडा मिश्कील, मायेने चार शब्द सांगणारा आणि हाती अधिकार असूनही ज्याचा धाक वाटत नाही, असा पुरुष म्हणजे अव्हंक्युलर. उच्चारताना जोर ‘व्हं’वर द्यायचा. हे विशेषण माणसापेक्षा त्याच्या आवाजाला, हसण्याला, सल्ल्याला अधिक लागतं. आणि ते बहुधा नात्यात नसलेल्या माणसालाच लावतात. अमेरिकेत वॉल्टर क्रॉन्काइट १९६२ ते १९८१ या काळात सीबीएसवर संध्याकाळच्या बातम्या देत. लोक त्यांना ‘अंकल वॉल्टर’ म्हणत, आणि त्यांच्याविषयी लिहिताना हे विशेषण हटकून येतं.

आता गंमत पाहा. तुमच्या कोशाने काका आणि मामा एका दाव्याला बांधले, पण मूळ शब्द एकट्या मामाचा आहे. लॅटिनमध्ये ‘अव्हंक्युलस’ म्हणजे आईचा भाऊ. ‘अव्हुस’ म्हणजे आजोबा, त्याचंच हे लाडकं, लहान रूप : छोटे आजोबा. वडिलांच्या भावाला लॅटिनमध्ये ‘पात्रुउस’ असा अगदी निराळा शब्द होता आणि त्याची कीर्तीही निराळी होती. रोमन लेखनात पात्रुउस म्हणजे सतत उपदेश करणारा, भुवया चढवून बसलेला काका. सिसेरोने इ.स.पू. ५६मध्ये केलियस या तरुणाची बाजू मांडताना विरुद्ध पक्षाच्या वक्त्याला अशाच कडक काकाची उपमा देऊन त्याची टर उडवली होती.

हा भेद निव्वळ स्वभावाचा नव्हता. रोमन कुटुंबात सत्ता बापाकडून चाले. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर अज्ञान मुलांचं पालकत्व पितृकुळातल्या जवळच्या पुरुषाकडे, म्हणजे बहुधा काकाकडे जाई. ज्याच्या हाती मालमत्ता आणि शिस्त, तो कडक होणारच. मामाकडे ना सत्ता ना जबाबदारी, म्हणून त्याला लाड परवडत. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्हस्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तेव्हा त्याला बरोबर उलटं चित्र दिसलं. तिथे वंश आईकडून मोजतात, त्यामुळे अधिकार मामाचा आणि खेळगडी बाप. त्या बेटावर अव्हंक्युलरचा अर्थ ‘धाक घालणारा’ असा झाला असता.

सगळेच रोमन मामाही लाड करणारे नव्हते, हे ओघाने सांगायला हवं. इ.स. ७९मध्ये व्हिस्युव्हियसच्या उद्रेकात मेलेला थोरला प्लिनी हा धाकट्या प्लिनीचा सख्खा मामा. त्या मृत्यूची हकीकत भाच्याने इतिहासकार टॅसिटसला पत्रातून कळवली. दुसऱ्या एका पत्रात हाच भाचा सांगतो, की मी पायी फिरतो म्हणून मामा मला बोलायचे. कारण काय? पालखीत बसून गेला असतास तर तेवढा वेळ वाचनात गेला असता!

अव्हंक्युलसचं जुन्या फ्रेंचमधून ‘ओंक्ल’ झालं, त्याचं इंग्रजीत ‘अंकल’, आणि त्या एका शब्दात काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान सगळे मावले. ‘आंट’ मात्र लॅटिन ‘अमिता’वरून आला आणि अमिता म्हणजे वडिलांची बहीण. म्हणजे आपल्या सोसायटीतली मुलं ज्यांना अंकल-आंटी म्हणतात, ते व्युत्पत्तीने मामा आणि आत्या ठरतात. नवरा-बायको असूनही.

टोमण्याबद्दल विचारलंत, ते योग्यच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश-अमेरिकन लोक स्टालिनला ‘अंकल जो’ म्हणत होते. पाइप आणि मिशा यांनी जे चित्र उभं राहिलं ते कमालीचं अव्हंक्युलर होतं, माणूस मुळीच नव्हता. तेव्हापासून चाणाक्ष वाचक या शब्दापाशी किंचित थबकतो : हा खरा मायाळूपणा की सत्तेवर चढवलेला मऊ अभ्रा? वरिष्ठाने तरुण सहकारी स्त्रीला ‘अव्हंक्युलर’ सल्ला दिला असं लेखक लिहितो, तेव्हा तो सल्ला न मागता दिलेला होता असंही तो बहुधा सुचवत असतो. न्यायाधीशांवरच्या लेखात इकडेतिकडे तिरकस वाक्यं नसतील, तर मात्र स्तुतीच समजा. दरारा सहज मिरवता येईल अशा खुर्चीत बसूनही त्यांनी तो मिरवला नाही, एवढंच लेखकाला म्हणायचं आहे.

मराठीत आणताना ‘मामासारखा’ करू नका. आपल्याकडे मामा मुलीला बोहल्याकडे नेतो हे खरं, पण कंस आणि शकुनीही मामाच. शिवाय ‘मामा बनवणं’ आहेच, आणि चौकातला हवालदारही मामा. ‘वडीलकीच्या मायेने वागणारे’ म्हटलं की बरंचसं काम होतं, फक्त मिश्कीलपणा तेवढा सांडतो. इंग्रजी मानपत्रात सरळ ‘जेंटल’ आणि ‘वाइज’ लिहा.

विभागप्रमुख बाई असत्या तर हा प्रश्नच उद्भवला नसता. मावशीला लॅटिनमध्ये ‘मातेर्तेरा’ म्हणत. त्यावरून घडवलेलं ‘मटर्टरल’ हे विशेषण काही मोठ्या इंग्रजी कोशांत आहे, पण बोलण्यात ते कोणी वापरत नाही.