एकच माहिती तीन ठिकाणी

प्रश्न : आम्ही काही जण सॉफ्टवेअर चाचणीचं एक ओपन सोर्स टूल सांभाळतो. नव्या डेव्हलपरसाठीच्या सूचना रीडमी, काँट्रिब्युटिंग फाइल आणि गिटहबची विकी अशा तिन्हीकडे आहेत. जास्तीच्या काढल्या तर लोक गोंधळतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोंधळ आत्ताच होतोय. तिन्हींपैकी एखादी प्रत जुनी राहतेच आणि नवखा तिथे अडतो. सगळं काँट्रिब्युटिंगमध्ये आणा; पुल रिक्वेस्ट उघडताना गिटहब तिची लिंक दाखवतं. विकीची रिपॉझिटरी वेगळी असते, त्यामुळे कोडबरोबर तिची तपासणी होत नाही. रीडमीत लिंक पुरे. मात्र आधी तिन्ही प्रती ताडून पाहा. टेस्ट चालवायची एखादी कमांड फक्त विकीतच असू शकते. विकीची पानं उडवू नका, तिथे नवा पत्ता लिहा. गिटच्या इतिहासात जुना मजकूर राहतो, तेव्हा निर्धास्तपणे कामाला लागा.